परत फिरण्याची सोय

तुम्ही मला कोंडलंत. तुम्ही म्हणजे निवड समितीच्या मधल्या खुर्चीवर बसणारे तुम्ही. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वकिलाची नोटीस येईल आणि सगळे नोटिशीवरच बोलत बसतील. तुम्ही एक चाचणी काढलीत, ती अर्ध्यावर कापलीत आणि उरलेल्या अर्ध्याला निकाल म्हणून मिरवताय. जो अर्धा भाग कापलात त्यात मी अडकलोय, आणि हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

वाचणाऱ्या बाकीच्यांना ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी रणजित शेडगे. पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यांच्या देखभालीचं काम करायचो. शाळा दहावीनंतर सुटली. इंग्रजी शिकलो ते यंत्रांची पुस्तकं वाचत, वर मनोऱ्यात बसून. एका दुपारी मनोऱ्याच्या आतल्या शिडीचा गंजलेला तुकडा सुटला आणि मी मानेवर पडलो. मानेखालचं सगळं गेलं. हात गेले, पाय गेले आणि श्वासही गेला.

हातापायाचं लोकांना लगेच कळतं, श्वासाचं समजावून सांगावं लागतं. फुप्फुसं स्वतः हवा ओढत नाहीत. त्यांच्याखाली स्नायूचा एक पडदा असतो, श्वासपटल म्हणतात त्याला. मेंदू हुकूम सोडतो, तो पाठीच्या कण्यातून खाली येतो, पडदा खाली ओढला जातो आणि हवा आत येते. माझी ही तार मानेतच तुटली. मेंदू वरून ओरडतोय आणि खाली कुणाला ऐकू येत नाही. मग गळ्याला भोक, भोकात नळी आणि नळीच्या टोकाला हवा ढकलणारं यंत्र. नळी असली की आवाज बंद. पुण्याच्या सरकारी पुनर्वसन केंद्रात वर्षाहून जास्त काळ मी पापण्या मिचकावून बोलत होतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. नाकाला खाज सुटलीय एवढं समोरच्याला कळेपर्यंत खाज निघून जायची.

माझी थोरली बहीण स्वप्नाली. मी तिला आक्का म्हणतो. ती सरकारच्या तंत्रज्ञान पडताळणी कक्षात होती. सरकारला एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं असलं की प्रकरण आधी या कक्षाकडे यायचं. बाजारात काय काय आहे, कुठलं कुठं मोडतं, मोडल्यावर दुरुस्त कोण करणार, बनवणारी कंपनी उद्या बुडाली तर काय, हे सगळं तपासायचं, गुणांचा तक्ता करायचा आणि शिफारस द्यायची. आक्काची ही खोड नोकरीच्या आधीपासूनची. घरातला पहिला चांगला फोन घ्यायला आम्ही कराडला गेलो होतो. दुकानदार कॅमेरा दाखवत होता आणि हिचा प्रश्न, "यातले फोटो, नंबर उद्या दुसऱ्या फोनमध्ये कसे न्यायचे?"

दुकानदार हसला. "ताई, आधी घ्या तरी!"

"बाहेर पडता येतं का ते सांगा, मग आत शिरते."

आई म्हणायची, ही स्थळांनाही हेच विचारते, म्हणून लग्न जमत नाही.

तर मी नळीवर असतानाच ते नवं तंत्र आलं. तार जिथं तुटली त्याच्या खाली, कण्याच्या आत, केसाहून बारीक तारांची जाळी बसवायची. तिथल्या पेशी मेलेल्या नसतात. वरून हुकूम येत नाही म्हणून नुसत्या बसून असतात. जाळी त्यांना विजेचे बारीक ठोके देते. त्या ठोक्यांना एक ठरावीक चाल असते, तिला नमुना म्हणतात. सॉफ्टवेअर रक्तातला वायू मोजतं, माणूस बोलतोय की गिळतोय की हसतोय हे ओळखतं आणि त्याप्रमाणे नमुना देतं. पडदा हलतो. नळी निघते. आवाज परत येतो.

जाळी सगळ्यांना एकच, फरक सॉफ्टवेअरचा. राज्यातल्या सगळ्या सरकारी रुग्णालयांसाठी कुठलं घ्यायचं, हे ठरवायचं काम आक्काच्या कक्षाकडे आलं. छाननीत दोन उरली. एक 'श्वासमित्र', एका मोठ्या कंपनीचं. त्याचा नमुना गुप्त, कंपनीशिवाय कुणालाच माहीत नाही. दुसरं 'अनिल', काही विद्यापीठांनी मिळून केलेलं. त्याचं सगळं उघडं. ज्याला कळतं त्यानं वाचावं, चूक दिसली तर सुधारावी. अनिल म्हणजे वारा, हे मला ते बनवणाऱ्या प्राध्यापकांनी सांगितलं. आमच्याकडे अनिल म्हणजे स्टँडवरचा वडापाववाला.

आक्कानं पहिल्याच बैठकीत तुम्हाला लेखी दिलं होतं की माझा भाऊ या केंद्रात आहे, तो चाचणीत येऊ शकतो, मला या कामातून बाजूला ठेवा. तुम्ही काय म्हणालात? "अहो मॅडम, उलट छान आहे. आपल्या कक्षाला माणुसकीचा चेहरा मिळेल." हे तुमचे शब्द आहेत. पुढं याच नात्याचं तुम्ही काय केलंत तेही सांगतो.

चाचणीची आखणी आक्काची. निम्मे रुग्ण श्वासमित्रवर, निम्मे अनिलवर. अर्धा काळ झाला की अदलाबदल. आम्हा सगळ्यांच्या खाटांपाशी उभं राहून तिनं हे समजावलं होतं. "एकाच माणसानं दोन्ही वापरली तरच खरी तुलना होते. आणि दुसरं, एकातून निघून दुसऱ्यात जाता येतं का, तेही तेव्हाच कळतं. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना आहे. परत फिरण्याची सोय."

मला श्वासमित्र आलं. ज्या सकाळी नळी काढली, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आक्का होती, डॉक्टरीणबाई होत्या, कंपनीचा टाय लावलेला माणूस होता. मी म्हणालो, "नाक."

"काय?" आक्कानं विचारलं.

"नाक खाजव, आक्के."

ती रडत रडत माझं नाक खाजवत बसली. कंपनीच्या माणसानं त्याचा व्हिडिओ काढला.

शेजारच्या खाटेवर जुलेखा आपा. मिरजेच्या उर्दू शाळेत शिक्षिका होत्या. रिक्षा उलटून मान गेली. त्यांना अनिल आलं. अनिल कामाला चोख, पण अडाणी. बोलणं जमायचं, गिळणं जमायचं, पण हसू आलं की त्याला काही समजायचं नाही आणि आपांना उचकी लागायची. माझं श्वासमित्र म्हणजे लोणी. मी मोठ्यानं हसलो तरी श्वास मागं राहायचा नाही.

"तुझ्या आत बसलेला जावई साहेब दिसतो रे," आपा म्हणायच्या. "माझा बघ, गावंढळ."

"हसू नका मग."

"तुझं तोंड समोर असताना?" आणि उचकी. "अदलाबदल होऊ दे. तुझा साहेब माझ्याकडं आला की मी गाणार आहे. शाळेत पोरं म्हणायची, बाई, गाऊ नका. इथं कोण उठून जातंय बघते."

त्या रोज आक्काला विचारायच्या, "माझी पाळी कधी?" आक्का महिना सांगायची.

तो महिना यायच्या आधी तुम्ही आलात. हार, कॅमेरे, मागं दहाबारा माणसं. माझ्या खुर्चीपाशी वाकून तुम्ही विचारलंत, कसं वाटतंय. मी म्हणालो, छान वाटतंय. खोटं नव्हतं ते. जो माणूस वर्षभर पापण्यांनी बोललाय त्याला दुसरं काय वाटणार? ते वाक्य तुम्ही राज्यभर दाखवलंत.

दुसऱ्या आठवड्यात आक्काला कळवलं गेलं की समितीनं वेळापत्रक सुधारलं आहे. घोषणेची तारीख ठरली होती. अदलाबदलीचा टप्पा रद्द.

ती तुमच्याकडे धावली. त्या भेटीत काय झालं हे तिनं मला शब्दाशब्दानं सांगितलंय, आणि माझी बहीण शब्द बदलत नाही.

तुम्ही म्हणालात, "सॉफ्टवेअरच आहे ना? आज टाकलं, उद्या काढलं. त्यात काय एवढं?"

"साहेब, तेच तर तपासायचं होतं."

"दोन्हीकडून लिहून घेतलंय, काढता येतं म्हणून. तुमच्या त्या रकान्यात 'होय' लिहा."

"तपासल्याशिवाय कसं लिहू?"

"तुम्ही नका लिहू. दुसरं कुणीतरी लिहील."

आणि लिहिलं.

मला इथं एक गोष्ट बोलायची आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात ही सवयच आहे. थोडं चालवून बघू, नाही पटलं तर कालचं परत टाकू. कार्यालयातल्या संगणकावर हे खपतं. त्यावर काहीही चालवा आणि काढून घ्या, तो होता तसा होतो. तुमच्या टेबलाभोवतीच्या सगळ्या शिकलेल्या माणसांनी तोच हिशेब माझ्या कण्याला लावला. काढता येतं म्हणे. निघतं ते सॉफ्टवेअर. मागं जो उरतो तो आधीचा माणूस असतो का, हे एकानंही विचारलं नाही. आक्कानं विचारलं, तर टप्पाच रद्द झाला.

पुढचं कळलं ते अनिलवाल्या प्राध्यापक कुलथ्यांमुळे. किडकिडीत माणूस, बोलताना समोरच्याच्या बटणाकडे बघतो. एका सकाळी ते आक्काला घेऊन आमच्या खोलीत आले. चेहऱ्यावर आनंद की भीती, कळेना.

"जुलेखाबाईंच्या जाळीला आता पहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी जोर लागतोय," ते म्हणाले. "पेशी शिकल्यात."

"शाळेतल्या बाईच्या असून शिकणार नाहीत?" आपा म्हणाल्या.

कुलथे हसले नाहीत. त्यांनी समजावलं ते असं. सुरुवातीला पेशींना कुठलाही ठोका चालतो. जोरात दिला की त्या हलतात. मग रोज एकच नमुना येत राहिला की त्यांना त्याची सवय होते. हलक्या खुणेवर काम करायला लागतात. आणि त्या नमुन्यात न बसणारं जे काही येईल ते गोंगाट समजून टाकून देतात. शरीर काटकसरी असतं, दोन बोल्या पोसत नाही.

"म्हणजे माझ्या पेशी श्वासमित्रचं शिकल्या," मी म्हणालो.

"हो."

"आणि अनिलचं काही चालवून घेणार नाहीत."

त्यांनी माझ्या बटणाकडे बघत मान हलवली. "तसं वाटतंय. तपासलेलं नाही."

आक्का खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी विचारलं, "मग परत शिकवा. एकदा शिकल्या तर दुसऱ्यांदा शिकतील."

"शिकतील की. जुन्या नमुन्यात नवा थोडा थोडा मिसळत न्यायचा. एका हंगामाचं काम. पण त्यासाठी जुना नमुना माहीत हवा. तो कंपनीच्या कुलपात आहे. शिवाय कंपनी दर आठवड्याला तो थोडा सरकवते. नुसतं बाहेरून बघून पकडता येत नाही."

"सरकवते कशाला?"

"त्यांच्या मते सुधारणा."

"किल्ली बदलतात म्हणा की," आपा म्हणाल्या, आणि या वेळी त्यांना उचकी लागली नाही, कारण कुणीच हसलं नव्हतं.

मग माझं आणि आक्काचं वाजलं. मी म्हणालो, मला अनिलवर टाकून बघ. ती म्हणाली, येडा झालायस. मी म्हणालो, कुलथे म्हणतात 'वाटतंय'. वाटण्यावर तुमचा साहेब निर्णय बदलेल का? तक्त्यात 'होय' लिहिलंय. खरं आहे का बघ. तुझं कामच ते.

"माझं काम मशीन तपासायचं आहे. तुला नाही."

"आता वेगळं राहिलंय का काही?"

ती तडक निघून गेली. दोन दिवस आली नाही. आली तेव्हा डॉक्टरीणबाईंना घेऊन आली, हवा ढकलणारं जुनं यंत्र ढकलत आणलेलं, आणि माझ्या संमतीचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भीती वाटली तर दोनदा मिचकाव."

श्वासमित्र बंद केलं, अनिल चालू केलं. ठोके जात होते, संगणकावर दिसत होते. खाली काहीच हललं नाही. कसं सांगू ते? पाण्यात गुदमरताना माणूस निदान हातपाय मारतो. मी आरशात माझी छाती बघत होतो, ती फोटोतल्यासारखी स्थिर. कुलथ्यांनी जोर वाढवला. एकदा छातीखालचा पडदा नुसता थरथरला, घोड्याची कातडी माशीनं थरथरते तसा. मी मिचकावलं नाही. माझ्या लेखी ते पूर्ण व्हायला हवं होतं. आक्कानंच ओरडून बंद करायला लावलं. श्वासमित्र परत चालू झालं आणि हवा आत आली, आणि मला त्या कंपनीबद्दल इतकी माया वाटली की लाज वाटली. कैद्याला पाणी आणून देणाऱ्या शिपायाबद्दल वाटत असेल तशी.

आक्का भिंतीला टेकून खाली बसली होती. आपा त्यांच्या खाटेवरून म्हणाल्या, "मला नको रे अदलाबदल. माझा गावंढळच बरा."

तो निकाल आक्कानं समितीपुढं ठेवला. मी व्हिडिओवरून हजर होतो, तुमच्या उजव्या हाताच्या भिंतीवर माझं मुंडकं होतं. आक्का मुद्देसूद बोलली. श्वासमित्रमध्ये गेलेला माणूस बाहेर येत नाही, म्हणून राज्याला ते देऊ नका. अनिल खडबडीत आहे, पण त्याचा नमुना उघडा आहे. त्यातून माणूस कधीही दुसरीकडे नेता येईल. हसण्यातली उचकी दुरुस्त होईल, कोंडलेला माणूस कसा दुरुस्त करणार?

मला वाटलं, झालं काम.

तुम्ही चष्मा काढून पुसलात. म्हणालात, "म्हणजे शेडगे मॅडम, तुम्हीच सिद्ध केलंत की श्वासमित्रवरच्या रुग्णाला हलवणं जिवावरचं आहे."

"हो, म्हणूनच..."

"मग राज्यात दोन पद्धती ठेवल्या आणि उद्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी कुणी चुकून अदलाबदल केली तर? जबाबदार कोण? सुरक्षितता याचा अर्थ एकच पद्धत. आणि जी आधीच इतक्या जणांच्या शरीरात रुजली आहे तीच."

माना डोलल्या. मी भिंतीवरून बघत होतो. सापळा आहे याचा पुरावा दिला, तर तुम्ही म्हणालात, सापळ्यातून काढणं धोक्याचं आहे म्हणून सगळ्यांनाच आत घ्या. मी ओरडलो. माझा आवाज तुमच्या माणसानं बंद केला होता. ओठ हलताना दिसले असतील.

आणि लगोलग दुसरं वाक्य. "बाय द वे, सख्ख्या भावावर, समितीच्या परवानगीशिवाय प्रयोग? हितसंबंधांचं प्रकरण आहे हे. हा निकाल कागदोपत्री घेता येणार नाही." म्हणजे माझी स्थिर छाती श्वासमित्रच्या बाजूनं मोजली गेली, आणि विरोधात मोजायची वेळ आली तेव्हा ती नोंदलीच गेली नाही. माणुसकीचा चेहरा तो हाच.

संध्याकाळी कंपनीचा टायवाला आला. पेढे घेऊन आला होता. म्हणाला, शिफारस एकमतानं झाली तर चाचणीतल्या सगळ्या रुग्णांना श्वासमित्र आयुष्यभर मोफत. एकमत झालं नाही तर चाचणी संपल्यावरच्या सेवेबद्दल कंपनी स्वतंत्र विचार करेल. 'स्वतंत्र विचार' म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, पेढ्याच्या खोक्याकडे बघितलं. शिफारशीवर कक्षाचीही सही लागते. एकमताला एकच सही कमी होती. आक्काची.

तो गेल्यावर ती म्हणाली, "मी करते सही."

"करू नकोस."

"तू गप्प बस. तुला पुन्हा नळी लागलेली मला बघायची नाही."

"आणि राज्यभरातले?"

"राज्यभरातल्यांनी माझ्या आईला उत्तर द्यायचंय का? मी द्यायचंय." तिचा आवाज चढला. "लहानपणापासून सगळ्यांचं मीच बघायचं. फोन घ्यायचा मीच बघायचं, तुझी नोकरी मीच बघायची. शिडी तेवढी बघितली नाही. आता हेही माझ्याच डोक्यावर?"

"शिडी तू का बघणार होतीस?"

"कुणीतरी बघायला हवी होती ना!"

आपांनी पलीकडून हाक मारली, "स्वप्नाली, इकडं ये बेटा." आक्का गेली. आपा तिला काही शहाणपण सांगतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "केस बघ किती विस्कटलेत. मला हात असते तर वेणी घातली असती." आक्का त्यांच्या खाटेच्या कडेला बसली आणि स्वतःच वेणी घालायला लागली, चुकली, सोडली, पुन्हा घातली. खोलीत फक्त आम्हा दोघांचे श्वास, माझा लोण्यासारखा आणि त्यांचा खरखरीत.

मग ती माझ्याकडे आली. माझ्या छातीवर हात ठेवला. मला तो कळला नाही, नुसता दिसला.

"नाही करत," ती म्हणाली. "तू सांगतोस म्हणून नाही. पुढच्या वर्षी कुणाचा तरी भाऊ पडेल आणि त्याला हे बसवतील. तिथं उभ्या राहिलेल्या बहिणीला, यातून बाहेर पडता येतं का, हे विचारायचं सुचणारच नाही, आणि सुचलं तर सांगायला या कक्षात कुणी नसेल. मला माहीत आहे म्हणून मी नाही करत. पण रणजित, मी हे तुझ्या श्वासावर करतेय. हे मला कधी माफ करू नकोस."

मी विनोद करायला गेलो, जमला नाही.

तिनं विरोधी मत लिहिलं. तुम्ही तिला कक्षातून काढलंत. भावाच्या हितसंबंधावरून चौकशी लावलीत. आता ती एका गोदामात सरकारी खुर्च्यांवर नंबर टाकते. आई फोनवर तिच्याशी बोलते, पण आधीसारखं नाही. मला विचारते, "स्वप्नालीनं सही केली असती तर काय बिघडलं असतं रे?" आक्का रविवारी येते आणि माझ्या छातीकडे बघायचं टाळते. बोलता बोलता माझा श्वास जरा लांबला तरी तिचं वाक्य तुटतं. आमच्यात आता तिसरं कुणीतरी बसलेलं असतं, आणि ते कंपनीचं आहे.

पण तुम्ही एक विसरलात, किंवा इतरांनी विसरावं असं तुम्हाला वाटतं. चाचणीचा मूळ करार आक्कानं लिहिला होता. त्यात एक कलम आहे. रुग्णाच्या जिवासाठी गरज पडली तर समितीचा अध्यक्ष कंपनीकडून नमुना उघडा करून मागू शकतो, आणि कंपनीनं तो दिलाच पाहिजे. कंपनीनं त्यावर सही केली आहे. तेव्हा त्यांना काम हवं होतं, बारीक अक्षर कुणी वाचलं नसेल. आक्का कशातही दार ठेवल्याशिवाय शिरत नाही. पण सरकारी नियमाप्रमाणे मागायचा अधिकार तिला अध्यक्षालाच द्यावा लागला. दार आहे, पण कडी बाहेरून आहे, आणि बाहेर तुम्ही उभे आहात.

नमुना मिळाला तर कुलथे मला एका हंगामात अनिलवर आणू शकतात. माझ्यासारखे जे जे श्वासमित्रवर आहेत, त्या सगळ्यांना. माझं हसणं उचकीसकट येईल, येऊ दे. मग बदल धोक्याचा आहे हे तुमचं कारणच उरत नाही, राज्याला अनिल देता येतं, आणि कंपनीला कुणाचा गळा धरून पेढे वाटता येत नाहीत.

नमुना मिळाला नाही तर? येत्या सोमवारी तुम्ही राज्याच्या करारावर सही करणार आहात. ती सही झाली की चाचणीचा करार संपतो, त्याच्याबरोबर हे कलमही संपतं. मग कंपनी माझ्याबद्दल स्वतंत्र विचार करेल. तो झाला की पुन्हा भोक, पुन्हा नळी. मी मरणार नाही कदाचित. पण बोलणार नाही. म्हणून आवाज आहे तोवर हे सांगून लिहून घेतलं आहे, तुमच्या कार्यालयाला पाठवलं आहे आणि सगळ्यांना वाचायला ठेवलं आहे.

आक्कानं तुम्हाला नमुना मागण्याबद्दल तीनदा लिहिलं. तुमच्या कार्यालयातून पोच आली, उत्तर आलं नाही. कुलथे भेटायला आले, तुम्ही बैठकीत होतात. आपांनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याकरवी, तो तुमच्याच खात्यात आहे, निरोप धाडला. तो म्हणाला, साहेब विचार करतायत.

विचार पुरे झाला. तुम्हाला तक्ते आवडतात, मीही एकच रकाना ठेवतो. सोमवारी सही करण्याआधी कंपनीकडे नमुना मागणार आहात की नाही? होय की नाही, एवढंच हवंय. आणि या वेळी ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नका. तुमच्या हातानं लिहा आणि खाली तुमचं नाव घाला.